झाड नाही म्हणून जमीन मेली काय?



या अंकाचं संपादकीय आपल्या डोंगराबद्दल नाही, गुजरातमधल्या कच्छच्या एका मैदानाबद्दल आहे. कारण सांगतो. सामूहिक दाव्याच्या तपासणीला साहेब लोक येतात तेव्हा एक वाक्य ठरलेलं असतं. "इथे तर झाडच नाही, ही पडीक जमीन, हिच्यावर कसला वनहक्क?" गवताचा माळ, गुरं चारायचा उतार, उन्हाळ्यात भेगाळणारी काळी पट्टी, सगळं एका शब्दात पडीक. हाच शब्द बन्नीच्या लोकांच्या डोक्यावर साठ-सत्तर वर्षं बसलाय. त्यांची माती कशी आहे आणि ती समजून न घेता तिच्यावर काय काय केलं गेलं, हे आपल्या पाड्यांवर वाचलं गेलं पाहिजे.

बन्नी म्हणजे भुजच्या उत्तरेला, मोठ्या रणाच्या काठाला पसरलेलं सुमारे अडीच हजार चौरस किलोमीटरचं सपाट मैदान. टेकडीसुद्धा नाही. आपला माणूस तिथे गेला तर आधी विचारेल, पाणी वाहतं कुठल्या बाजूला? ते फारसं वाहतच नाही, साचतं. पाऊस वर्षाला सरासरी 300 ते 350 मिलिमीटर, म्हणजे आपल्याकडे एका चांगल्या जुलैत पडतो जवळपास तेवढा. तोही भरवशाचा नाही. एखाद्या वर्षी दुप्पट, एखाद्या वर्षी नुसते ढग. तिथे चाळीसच्या वर वाड्यांमध्ये मालधारी राहतात. माल म्हणजे गुरंढोरं, ती सांभाळणारे ते मालधारी. मुतवा, हालेपोत्रा, जत असे मुसलमान समाज, आणि मेघवाळ. ते आदिवासी नाहीत, पण कायद्याच्या भाषेत "इतर पारंपरिक वननिवासी" होतात. आपल्याकडे काठेवाडी गुराखी आले की चाऱ्यावरून भांडण होतं. त्यामुळे गुरंवाल्यांची बाजू आपल्यातल्या काहींना रुचणार नाही, तरी वाचा.

आता मातीचं. नद्यांनी आणलेला गाळ साचून साचून ही जमीन झाली. काही नद्या कच्छच्या डोंगरातून उत्तरेला उतरतात. एके काळी रणाकडे सिंधू नदीच्या फाट्याचंही पाणी यायचं, पण 1819 च्या भूकंपात जमिनीचा एक लांब पट्टा वर उचलला गेला, त्याला अल्लाहबंद म्हणतात, आणि ते पाणी तुटलं. गाळ बारीक, त्यात चिकण भरपूर, खाली खारं पाणी, वर कडक ऊन. बन्नीचा सगळा स्वभाव या चार गोष्टींत आहे.

चिकण माती आपल्या बायांना सांगायला नको, चूल घालायला, भिंत लिंपायला त्याच आणतात. तिचा कण मिलिमीटरच्या पाचशेव्या हिश्शापेक्षाही बारीक असतो. भिजली की फुगते, वाळली की आकसते आणि भेगा पडतात. पाणी धरून ठेवते, पण इतकं घट्ट धरते की त्यातलं बरंचसं मुळांना सोडतच नाही. आपल्याकडे पाऊस भरपूर म्हणून हीच काळी माती कसदार ठरते, कापूस देते. वाळवंटात उलटं होतं. थोडा पाऊस पडला तर वाळूत तो खोल उतरतो आणि उन्हापासून वाचतो. चिकण मातीत तो वरच्या वीतभर थरातच अडकतो आणि दोन-चार दिवसांत उडून जातो. खोल मुळाच्या झाडाला तिथे काय मिळणार? गवताचं मूळ मात्र त्या वीतभर थरातच जाळं घालून बसलेलं असतं. पाऊस आला की लगेच पितं, हिरवं होतं, बी टाकतं, वाळतं. बी भेगांत पडतं, शेणखतही भेगांत पडतं, पुढच्या पावसात भेगा मिटतात. नांगर न लावता पेरणी होते.

म्हणून झाडं नसणं हा या मातीचा रोग नाही. ही मातीच गवताची आहे. तिला पडीक म्हणणं म्हणजे म्हशीला उडता येत नाही म्हणून नापास करण्यासारखं.

दुसरी गोष्ट मिठाची. ऊन खालचं पाणी वर ओढतं, पाणी उडतं आणि मीठ वरच राहतं. मिठातला सोडियम चिकणीचे कण सुटे करतो. मग पाऊस पडला की ढेकूळ विरघळून राबडी होते आणि वाळल्यावर वर कडक पापुद्रा धरतो. त्यातून पाणी आत जात नाही, कोंब बाहेर येत नाही. मीठ परत खाली ढकलायला एकच उपाय, गोडं पाणी काही दिवस त्या जमिनीवर उभं राहिलं पाहिजे. जिथे खोलगट आहे, पाणी तुंबतं, तिथे मीठ दबतं आणि गोडं गवत येतं. त्यात मालधारी ज्याला झिंझवो म्हणतात ते आपलं मारवेल, आणि जिथे माती जरा मोकळी तिथे धामण, म्हणजे आपलं अंजन गवत. हातभर उंचवट्यावर पाणी टिकत नाही, तिथे खारं गवत आणि लाणो नावाचं झुडूप. परक्याला सगळं एकच मैदान दिसतं. मालधाऱ्याला त्यात गोडी जमीन कुठली, खारी कुठली, कुठल्या महिन्यात कुठलं ढोर कुठे सोडायचं हे माहीत असतं. बन्नीची म्हैस रात्री एकटी चरायला जाते आणि पहाटे आपल्या दारात येते. 2010 साली या म्हशीला स्वतंत्र जात म्हणून सरकारी मान्यता मिळाली. म्हशीला मान्यता मिळाली, तिच्या कुरणावरचा हक्क मात्र कागदावर यायचा राहिला!

पाण्याचीही तीच हुशारी. खाली सगळं खारं, पण पावसाचं गोडं पाणी हलकं असतं, ते खाऱ्या पाण्यावर तरंगून राहतं. आटलेल्या तळ्याच्या पोटात मालधारी उथळ खड्डे खणतात, आतून लाकडाची चौकट आणि गवत लावतात, आणि तेवढंच वरचं गोडं पाणी काढतात. त्याला विरडा म्हणतात. हावरटपणे उपसलं की खालचं खारं वर येतं. किती काढायचं हे शिकवायला तिथे कुठलंही खातं आलं नव्हतं.

मग सरकारने काय केलं? नद्यांवर वरच्या अंगाला धरणं बांधली, त्यामुळे मीठ धुणारं पुराचं पाणी कमी झालं. आणि 1961 साली वनखात्याने, रण पुढे सरकतंय ते थांबवायचं म्हणून, सुमारे 31 हजार हेक्टरवर परदेशी बाभूळ लावली. तिकडे तिला गांडो बावळ म्हणतात, म्हणजे वेडी बाभूळ. नाव बरोबर आहे. तिला मीठ चालतं, दुष्काळ चालतो, गुरं शेंगा खातात आणि शेणातून बी गावभर नेतात. आज मैदानाच्या निम्म्याच्या आसपास भाग तिने धरलाय. तिच्या दाटीत गोडं गवत टिकत नाही. गायींना तिच्या शेंगा बाधतात, म्हणून गायींचे कळप कमी होऊन म्हशी वाढल्या. काही घरं आता तिच्या कोळशावर पोट भरतात, म्हणजे तोडा म्हणणंही सोपं राहिलं नाही. पण सॅटेलाइटच्या नकाशावर सगळं हिरवं दिसतं, आणि कागदावर हिरवं म्हणजे जंगल वाढलं. आपल्याकडे गवताच्या माळावर खड्डे मारून रोपं लावतात, तेव्हा हे आठवा.

आता कायदा. बन्नीला 1955 साली संरक्षित वन जाहीर केलं. जाहीर झालं, पण हद्दी मोजल्या नाहीत, ताबा महसूल खात्याकडेच राहिला. 1998 मध्ये वनखात्याकडे हस्तांतर झालं. पुढे वनखात्याने कार्ययोजना आणली, त्यात कुरणाचे तुकडे पाडून कुंपण घालायचं होतं. ज्या गवताची जागा दरवर्षी पावसाप्रमाणे बदलते, त्याला कुंपण घालून ढोरं काय खातील? मालधारी संघटना उभी राहिली. "बन्नी को बन्नी रहने दो" ही त्यांची घोषणा. ग्रामसभांनी वनहक्क कायद्याखाली सामूहिक दावे केले, ते वर्षानुवर्षे लटकत राहिले. मधल्या काळात पैसेवाल्यांनी कुरण नांगरून शेतीसाठी वळती घातली. त्याविरुद्ध मालधारी 2018 साली हरित लवादाकडे गेले. मे 2021 मध्ये लवादाने अतिक्रमणं सहा महिन्यांत काढायचा आदेश दिला आणि मालधाऱ्यांचा कुरण राखण्याचा हक्क मानला. आदेश निघाला म्हणजे नांगर थांबला असं नसतं, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

आपल्या कामाचा मुद्दा इथे आहे. वनहक्क कायद्यात वनजमिनीची व्याख्या करताना "कोणत्याही वर्णनाची जमीन" म्हटलंय, ती वनक्षेत्रात असली म्हणजे झालं. किती झाडं पाहिजेत असं कुठेही लिहिलेलं नाही. कलम 3(1) मध्ये चराईचा हक्क आहे, एका जागच्यांचा आणि फिरत्यांचाही. सामूहिक वनसंपत्तीच्या व्याख्येत गुरंवाल्यांच्या हंगामी वापराचा भाग येतो. आणि नियम 13 प्रमाणे पारंपरिक चराईच्या जागा, पाण्याच्या जागा हा पुरावा धरायचा असतो, तसेच म्हाताऱ्या माणसांचा लेखी घेतलेला जबाबही. तेव्हा "झाड नाही" म्हणणाऱ्या साहेबाला कलम दाखवा, आवाज चढवायची गरज नाही.

नेवाडचा वैयक्तिक दावा आपण जीव तोडून भरतो, मोजणी करतो, पंचनामा करतो. सामूहिक दाव्यात मात्र "गावाचे चराऊ रान" एवढी एक ओळ लिहून मोकळे होतो. ती ओळ पुरत नाही. ज्या गावांचे सामूहिक दावे अजून भरायचे आहेत त्यांच्या वनहक्क समितीने पावसाळ्यानंतर, गवत उभं असताना, गुरं चारणाऱ्या दोन म्हाताऱ्यांना बरोबर घेऊन शिवार फिरावं. बायकांना न्यायला विसरू नका, गवताची आणि चुलीच्या मातीची नावं त्यांनाच जास्त येतात. प्रत्येक तुकड्याला आपल्या बोलीत जे नाव आहे तेच लिहा. तिथली माती भिजवून हातात वळा. लांब वळी न तुटता झाली तर चिकण जास्त, लगेच तुटली तर वाळू किंवा मुरूम. पाणी किती दिवस साचतं, भेगा कधी पडतात, कुसळ येते की पवन्या की मारवेल, ढोरं कुठल्या महिन्यात जातात, हे सगळं वहीत उतरवा. जबाबाखाली म्हाताऱ्यांचा अंगठा आणि समितीची सही घ्या, नकाशाला जोडा. दोन प्रती करा. एक ग्रामसभेकडे ठेवा आणि दुसरी दाव्यासोबत देऊन पोच पावती घ्या.