राष्ट्रपतींवर खटला भरता येतो का?

'कायद्यापुढे सगळे समान' हे वाक्य आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. पण मग देशाच्या राष्ट्रपतींवर खटला भरता येतो का, असं कोणी विचारलं की घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, ''छे, त्यांना कोण कोर्टात खेचणार?'' दुसरा म्हणतो, ''का नाही? लोकशाही आहे ना!'' गंमत म्हणजे दोघंही निम्मे बरोबर असतात. कारण उत्तर एका शब्दाचं नाही. तुमची तक्रार कोणत्या प्रकारची आहे, त्यावर ते ठरतं.

आपल्या राज्यघटनेच्या कलम ३६१ मध्ये हा विषय येतो. हे कलम राष्ट्रपती आणि राज्यपाल या दोघांनाच लागू आहे. पंतप्रधान, मुख्यमंत्री, मंत्री, खासदार, आमदार यांना ते लागू नाही. हा फरक आधी नीट लक्षात घ्या, कारण सगळा गोंधळ इथेच होतो.

सरकारी निर्णयाविरुद्ध तक्रार असेल तर

राष्ट्रपती किंवा राज्यपाल पदाच्या अधिकारात जे काही करतात, त्याबद्दल ते व्यक्तिशः कोणत्याही न्यायालयाला उत्तर देण्यास बांधील नाहीत. का? तर राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने काम करतात. केंद्र सरकारचा सगळा कारभार त्यांच्या नावाने चालतो. रेल्वेचा करारनामा पाहा, 'भारताच्या राष्ट्रपतींच्या वतीने' असं त्यावर लिहिलेलं आढळेल. आता प्रत्येक करारासाठी राष्ट्रपतींना साक्षीला बोलावलं, तर त्यांचं आयुष्य कोर्टातच जाईल.

पण म्हणून तुमची वाट बंद होत नाही. याच कलमात स्पष्ट लिहिलं आहे की सरकारविरुद्ध दाद मागण्याचा नागरिकाचा हक्क अबाधित आहे. पेन्शन अडली, जमिनीचा मोबदला मिळाला नाही, तर दावा 'भारत सरकार' किंवा संबंधित राज्याविरुद्ध लावायचा. दिवाणी दाव्यापूर्वी साधारणपणे दोन महिन्यांची लेखी नोटीस द्यावी लागते.

राज्यपालांचा निर्णयही न्यायालय तपासू शकतं. २००५ मध्ये बिहारची विधानसभा राज्यपालांच्या अहवालावरून विसर्जित झाली. जानेवारी २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कृती घटनाबाह्य ठरवली. राज्यपालांना वैयक्तिक संरक्षण आहे, त्यांच्या निर्णयाला नाही, हे तेव्हा ठळकपणे समोर आलं. महाराष्ट्रातल्या २०२२ च्या सत्तांतराबाबतही न्यायालयाने मे २०२३ मध्ये म्हटलं की राज्यपालांनी बहुमत चाचणीसाठी बोलावणं समर्थनीय नव्हतं.

खासगी व्यवहाराची तक्रार असेल तर

समजा, तुमच्या प्लॉटच्या हद्दीवरून शेजाऱ्याशी वाद चालू आहे आणि तोच शेजारी उद्या एखाद्या राज्याचा राज्यपाल झाला. मग काय, पाच वर्षं गप्प बसायचं? नाही. असा दिवाणी दावा पदावर असतानाही लावता येतो. अट एकच, दोन महिने आधी लेखी नोटीस द्यायची. त्यात तुमचं नाव, पत्ता, दाव्याचं स्वरूप, कारण आणि तुम्हाला काय हवं आहे, हे सगळं असायला हवं. नोटीस त्यांच्या कार्यालयात पोहोचवली तरी चालते. नोटिशीचे हे दोन महिने दाव्याच्या मुदतीत धरले जात नाहीत, त्यामुळे ती काळजी नको.

राष्ट्रपती साक्षीदाराच्या खुर्चीत

निवडणुकीचा वाद असेल तर राष्ट्रपतीही सर्वोच्च न्यायालयासमोर येतात. १९६९ मध्ये व्ही. व्ही. गिरी यांनी नीलम संजीव रेड्डी यांचा पराभव केला. रेड्डींची बदनामी करणारं पत्रक वाटलं गेलं, असा आरोप करत गिरींच्या निवडीला आव्हान दिलं गेलं. गिरी तेव्हा राष्ट्रपती भवनात राहत होते, तरी ते स्वतः न्यायालयात आले आणि त्यांनी साक्ष दिली. १९७० मध्ये याचिका फेटाळल्या गेल्या, गिरी पदावर राहिले. पदाची शान काही कमी झाली नाही, उलट वाढलीच.

गुन्ह्याचा आरोप असेल तर

इथे मात्र कलम कडक आहे. पदावर असेपर्यंत राष्ट्रपती किंवा राज्यपाल यांच्याविरुद्ध कोणत्याही न्यायालयात फौजदारी खटला सुरू करता येत नाही. आधीपासून चालू असलेला खटलाही थांबतो. अटकेचा आदेश निघू शकत नाही. 'पदावर असेपर्यंत' हे शब्द महत्त्वाचे. खटला पुसला जात नाही, फक्त थांबतो.

बाबरी प्रकरणात हे दिसलं. एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कल्याण सिंह यांच्याबाबत म्हटलं की ते राजस्थानचे राज्यपाल आहेत, पद सोडल्यावर त्यांच्यावर आरोप निश्चित करावेत. सप्टेंबर २०१९ मध्ये त्यांची मुदत संपली आणि त्याच महिन्यात लखनौच्या विशेष न्यायालयाने आरोप निश्चित केले. पुढच्या वर्षी इतर आरोपींसोबत ते निर्दोष सुटले. निकाल काहीही लागो, थांबलेलं घड्याळ पुन्हा सुरू झालं, हे महत्त्वाचं.

पण थांबण्याची किंमत कोण मोजतं? २०२४ मध्ये पश्चिम बंगालच्या राजभवनातल्या एका महिला कर्मचाऱ्याने राज्यपालांवर लैंगिक छळाचा आरोप केला. राज्यपालांनी तो फेटाळला. खरं-खोटं ठरवणं आपलं काम नाही. पण ती महिला सर्वोच्च न्यायालयात गेली तेव्हा तिचा प्रश्न अगदी साधा होता: राज्यपालांची मुदत संपेपर्यंत मी वाट पाहत बसायचं का? जुलै २०२४ मध्ये न्यायालयाने या संरक्षणाची व्याप्ती तपासण्याचं मान्य केलं.

कोणत्याही घरातल्या बाईला हा प्रश्न कळेल. वर्षं गेली की सीसीटीव्हीचं चित्रण राहत नाही, साक्षीदारांची बदली होते, आठवणी पुसट होतात. कलमात खटल्याला मनाई आहे, अटकेला मनाई आहे. पुरावा जपून ठेवायला मनाई आहे, असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. खटला थांबवा, पण पुरावा गोळा करणं थांबवू नका, एवढी माफक अपेक्षा गैर म्हणता येणार नाही. नाहीतर 'नंतर न्याय मिळेल' या वचनाला काही अर्थच उरत नाही. शिवाय पदाची प्रतिष्ठा जपायची, तर आरोप खोटा असल्यास तेही पुराव्यानेच सिद्ध व्हायला हवं.

राष्ट्रपतींनी घटनेचाच भंग केला तर महाभियोग आहे. एका सभागृहाने आरोप ठेवायचा, दुसऱ्याने चौकशी करायची आणि दोन्हीकडे एकूण सदस्यसंख्येच्या दोन-तृतीयांश मतं लागतात. आजवर एकाही राष्ट्रपतींवर ही वेळ आलेली नाही.

आणि पंतप्रधान?

त्यांना असं संरक्षण नाही. १२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने पंतप्रधान इंदिरा गांधींची निवडणूक रद्द केली, ती म्हणूनच. त्यानंतर आणीबाणीत एक घटनादुरुस्ती विधेयक आलं. राष्ट्रपती, पंतप्रधान, राज्यपाल यांच्यावर पदावर येण्याआधीच्या किंवा पदावरच्या काळातल्या कृत्यांबद्दल कधीच फौजदारी खटला होऊ नये, असं त्यात होतं. राज्यसभेने ते मंजूरही केलं. सुदैवाने लोकसभेत ते आलंच नाही. आलं असतं, तर आज 'पदावर असेपर्यंत'च्या जागी 'आयुष्यभर' हा शब्द असता.

तेव्हा मोठ्या पदावरच्या व्यक्तीविरुद्ध तक्रार असेल तर आधी तीन प्रश्न स्वतःला विचारा. तक्रार सरकारी निर्णयाची आहे, खासगी व्यवहाराची आहे की गुन्ह्याची? पहिली असेल तर सरकारविरुद्ध जा. दुसरी असेल तर नोटीस द्या आणि दोन महिने थांबा. तिसरी असेल तर लेखी तक्रार करा, पोच घ्या, मेसेज, फोटो, तारखा, उपस्थित असलेल्यांची नावं त्याच दिवशी लिहून ठेवा आणि चांगला वकील गाठा. खुर्ची कितीही मोठी असो, तिची मुदत ठरलेली असते. तुमचा कागद मात्र तोवर शाबूत राहायला हवा.