आधी चित्र पाहा, मग रान पाहा



दरवेळी खत, बियाणे, फवारणी यांवर लिहितो. आज रंगीत खडूंवर लिहिणार आहे. हसू नका, विषय शेवटी आपल्याच शिवारात येऊन पोचतो.

गेल्या श्रावणात एका शेतकऱ्याच्या ओसरीवर बसलो होतो. त्यांची आठवीतली मुलगी रानातली फुले तांब्यात ठेवून चित्र काढीत होती. "निंदणीला हात लावायचा सोडून खडू घासत बसते," वडिलांची तक्रार. मी चित्र पाहिले. झेंडू झकास उतरला होता, पण कपाशीचे फूल मिटलेले, पीळ पडल्यासारखे काढले होते. मी शहाणपण शिकवले, "बाळ, कपाशीचं फूल असं नसतं. पहिल्या दिवशी दुधाळ पिवळसर, पाकळ्या मोकळ्या. दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं."

"काका, पण हे असंच होतं," म्हणत तिने ते फूल माझ्या हातावर ठेवले. पाकळ्या एकमेकींना चिकटलेल्या. उलगडून पाहतो तो आत अळी! ती डोमकळी होती, गुलाबी बोंडअळीची पहिली खूण. इतकी वर्षे नोकरी केलेला मी पुस्तकातले फूल आठवत होतो. पोर समोरचे फूल पाहत होती.

त्याच दुपारी आम्ही तिघे रानात फिरलो. आणखी डोमकळ्या सापडल्या. त्या तोडून अळीसकट नष्ट केल्या आणि हेक्टरी ५ कामगंध सापळे लावायचे ठरले. २०१७ साली या अळीने विदर्भ-मराठवाड्यात काय केले, ते तुम्ही विसरला नसाल. वेळेवर कळले, हेच मोठे.

त्या दिवसापासून मीही खडू हाती घेतला. त्यांना सॉफ्ट पेस्टल म्हणतात. हे मेणाचे किंवा तेलकट खडू नव्हेत. रंगाची पूड थोड्या डिंकाने बांधलेली असते, म्हणून हात लावताच बोटाला रंग लागतो. पाणी नको, कुंचला नको. कागद मात्र खरबरीत हवा, गुळगुळीत कागदावर रंग धरत नाही. कागद करडा किंवा तपकिरी असला तर फिकट रंग उठून दिसतात.

फुले दारापाशी ठेवा, म्हणजे एका अंगाने उजेड पडेल. डोळे किलकिले करून पाहा. पाकळ्या मोजत बसू नका. झेंडू म्हणजे आधी एक केशरी गोळा, सावलीच्या अंगाला तांबूस. खडू आडवा धरून मोकळ्या हाताने रंग भरा. गडद रंग आधी, उजळ नंतर, आणि उन्हाची चमक सर्वांत शेवटी. बोटाने फार चोळू नका, रंगाचा चिखल होतो. सांडलेल्या पुडीवर फुंकर घालू नका, ती नाकातोंडात जाते. कागद उभा धरून मागून हलकेच टिचकी मारा. हात धुऊन मगच भाकरीला लावा. चित्र ठेवताना वर पातळ कागद घाला, नाहीतर रंग पुसला जातो.

वय आड येते असे म्हणू नका. फ्रान्समधील ओदिलाँ रदाँ (१८४०–१९१६) हा चित्रकार द्राक्षमळ्यांच्या मुलखात वाढला. कित्येक वर्षे त्याने कोळशाने काळीच चित्रे काढली. पन्नाशीच्या सुमारास तो रंगांकडे वळला, आणि पेस्टलमधल्या त्याच्या फुलांनी जगभर नाव मिळवले.

परवा त्या घरी पुन्हा गेलो होतो. वडील रानातून आले ते हातात कर्डईचे फूल घेऊनच. "पोरीला दाखवायचं होतं," म्हणाले. कर्डईचे फूल पिवळे उमलते आणि सुकत जाताना केशरी-तांबडे होते. दोघे बराच वेळ ते पाहत बसले.

तेव्हा मंडळी, पोरांच्या हातात खडू दिसला तर रागावू नका. आधी चित्र पाहा, मग रान पाहा.