परक्यांचीं प्रेतें आणि आपली अब्रू

रात्रीचें जेवण आटोपल्यावर इंग्रजी खुनांच्या मालिका पाहत बसणें हें सुशिक्षितांस शोभत नाहीं, असा आक्षेप आमच्या परभणींत वारंवार ऐकूं येतो. हें व्यसन मलाही आहे. डेव्हिड सूशे यानें १९८९ ते २०१३ या काळांत रंगविलेल्या पॉयरोचे सत्तरही भाग मी पाहिले आहेत, आणि त्याबद्दल मला यत्किंचितही पश्चात्ताप होत नाहीं.

ही गोडी परकी आहे, हें म्हणणें प्रथम निकालांत काढूं. हरिभाऊ आपट्यांची पहिली कादंबरी 'मधली स्थिति' ही १८८५ सालीं रेनॉल्ड्सचाच आधार घेऊन अवतरली. बाबूराव अर्नाळकरांनीं हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्या कांहीं इंग्रजांनीं वाचल्या नाहींत!

मग या कथांत सुख कशाचें? रक्ताचें खास नव्हे. रोनाल्ड नॉक्स हा स्वतः कॅथॉलिक धर्मगुरु. परंतु १९२९ सालीं त्यानें रहस्यकथेचे जे दहा नियम घातले, त्यांत दैवी अथवा अतींद्रिय शक्तीस साफ मज्जाव केला. देव, भूत, मंत्र यांपैकीं कोणीही लेखकाच्या मदतीस धावून येतां कामा नये. पुरावा वाचकासमोर असावा आणि उलगडा बुद्धीनेंच व्हावा. शिवाय संशयाच्या फेऱ्यांतून उमरावही सुटत नाहीं. ही करमणूक खरी, पण ती विवेकाची तालीमही आहे.

येथवर मी रसिकांचा वकील. आतां त्यांच्याविरुद्धची माझी फिर्याद ऐका.

१९७२ ते १९७४ या काळांत आमच्याच जिल्ह्यांतील मानवत येथें स्त्रिया व कोवळ्या मुली यांचे एकामागून एक खून पडले. गुप्तधन व संतती यांच्या लोभानें ते बळी दिले गेले, असा अभियोग होता. रामन राघव प्रकरणाचा १९६८ सालीं तपास करणारे रमाकांत कुळकर्णी मुंबईहून आले आणि त्यांनीं या गूढाचा छडा लावला. २०२४ सालीं या प्रकरणावर मालिका निघाली, तेव्हां माझ्याइतक्याच आवडीनें पॉयरो पाहणारे एक सद्गृहस्थ मला म्हणाले, "कशाला आपल्या जिल्ह्याची अब्रू चव्हाट्यावर मांडतात?"

मृतांच्या आप्तांचें दुःख ही करमणुकीची वस्तु नव्हे, हें मला सर्वथा मान्य आहे. परंतु त्या गृहस्थांस आप्तांची आठवण झाली नव्हती. आठवण झाली ती जिल्ह्याच्या नांवाची. इंग्रज पाद्र्याच्या घरीं प्रेत पडलें म्हणजे आम्ही 'कोणीं मारलें?' असें विचारतों. आपल्या गांवांत पडलें म्हणजे 'कोणाकोणास कळलें?' असें विचारतों.

नॉक्सनें जो मज्जाव कागदावर सहज घातला, तो आमच्याकडे कायद्यांत यावयास २०१३ साल उजाडावें लागलें. नरबळी व अघोरी प्रथा यांविरुद्धचा तो कायदा झाला, तोही डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्याच वर्षीं पुण्यांत खून झाल्यावर!

म्हणून माझें सांगणें इतकेंच, कीं पॉयरो खुशाल पाहावा. पण बुद्धीची तीच कसोटी गुप्तधन दाखविणाऱ्या शेजारच्या भोंदूस लावण्याची वेळ आली असतां जो गांवाच्या अब्रूआड दडतो, त्यानें स्वतःस रहस्यकथेचा रसिक म्हणवूं नये. त्यास रहस्याचा उलगडा आवडत नाहीं. केवळ परक्यांचीं प्रेतें आवडतात.