हवेची बंदूक कोणी मारली? गिरार्डोनी, नेपोलियन आणि नायट्रोजनचा सिलिंडर

१/ "१७८० साली ऑस्ट्रियाच्या सैन्याकडे धूर न सोडणारी, वीस गोळ्यांची बंदूक होती, पण मूर्ख सेनापतींनी ती अडगळीत टाकली आणि नेपोलियनने तिच्या धास्तीने फाशीचे हुकूम काढले." ही गोष्ट दर काही महिन्यांनी नव्या चित्रासह फिरते. तिचा पूर्वार्ध खरा आहे. उत्तरार्ध मात्र इतिहास नव्हे, सोय आहे. ती सोय कशी, हे समजण्यासाठी आजच्या नायट्रोजनच्या सिलिंडरकडे पाहावे लागते.

२/ प्रथम खरा भाग. तिरोल प्रांतातील कारागीर बार्थोलोमॉस गिरार्डोनी याने बनवलेली हवेची रायफल ऑस्ट्रियाने १७८० मध्ये स्वीकारली. नळीच्या बाजूला गोळ्यांची दुसरी नळी होती व तीत वीसेक गोळ्या मावत. एक छोटा ठोकळा आडवा सरकवला की पुढची गोळी जागेवर येई. बंदुकीचा दस्ता म्हणजेच हवेची लोखंडी टाकी. ती फिरवून काढता येई व दुसरी लावता येई.

३/ त्या काळी चकमकीच्या बंदुकीतून कसलेला शिपाई मिनिटाला तीनेक बार काढत असे, आणि प्रत्येक बारानंतर तोंडाकडून दारू ठासण्यासाठी त्याला बहुधा उभे राहावे लागे. गिरार्डोनीची बंदूक आडवे पडूनही भरता येई. तिला धूर नव्हता, ज्वाळा नव्हती, आवाज कमी होता आणि पावसात दारू भिजण्याची भीती नव्हती. कागदावर या शस्त्राला तोड नव्हती.

४/ पण ही टाकी भरायची कशी? तिच्यात सुमारे ५५ बार दाबाची हवा लागे, म्हणजे मोटारीच्या टायरमधील दाबाच्या साधारण पंचवीसपट. त्यासाठी पंपाचा दट्ट्या सुमारे १५०० वेळा खालीवर करावा लागे. एवढ्या श्रमावर तीसेक उपयुक्त गोळ्या सुटत, आणि टाकी रिकामी होत जाई तसा पुढच्या गोळ्यांचा जोर ओसरत जाई.

५/ आता साधा गुणाकार. शिपायामागे तीन टाक्या धरल्या, तर एका शिपायाचे ४,५०० दट्टे. शंभर शिपायांच्या तुकडीचे साडेचार लाख. मिनिटाला साठ दट्ट्यांचा वेग अखंड टिकला, तरी सव्वाशे तास. हे श्रम लढाई संपल्यावर, चिखलात, थकलेल्या माणसांनी करायचे होते. फिरत्या चित्रांत बंदूक दिसते; पंपावरचा माणूस कधीच दिसत नाही.

६/ टाकीचे कामही तितकेच कठीण. लोखंडी पत्रा वळवायचा, रिव्हेट ठोकायचे, सांधे झाळायचे आणि त्या सांध्यांनी पन्नासपटीहून अधिक दाब सोसावा अशी अपेक्षा करायची. झडपेला चामडे, ते सुकले की गळती. शिवाय दमट हवा दाबली की तिच्यातील बाष्पाचे पाणी होते आणि लोखंड आतून गंजते. प्रत्येक भरणीबरोबर टाकीचे आयुष्य घटत होते.

७/ म्हणून "मूर्ख सेनापती" हा आरोप टिकत नाही. ज्या सैन्याने हे यंत्र स्वीकारले, हजाराहून अधिक नग करवून घेतले, शिपायाला जादा टाक्या दिल्या, पंप पुरवले, गाड्यावर बसवलेले मोठे पंपही वापरले, त्या सैन्यावर नावीन्याच्या द्वेषाचा ठपका कोणत्या तोंडाने ठेवायचा? त्यांनी नेमकी अडचण ओळखली होती. ती सोडवण्याचे साधन त्या शतकात कोणाकडेच नव्हते.

८/ नेपोलियनच्या हुकमाचे काय? हवाई बंदूक बाळगणाऱ्या कैद्याला मारेकरी समजून ठार करावे, असा त्याचा आदेश होता, असे सांगितले जाते. आदेश कोणत्या तारखेचा, कोणाच्या नावे, कोणत्या दप्तरातला, हे मात्र सांगणारा सांगत नाही. एकमेकांची नक्कल करणारी शंभर पुस्तके म्हणजे शंभर पुरावे नव्हेत. तो एकच दावा शंभर वेळा छापलेला असतो.

९/ येथे एक आक्षेप हमखास येतो: लुईस आणि क्लार्क. अमेरिकेच्या पश्चिमेकडील १८०३ ते १८०६ च्या मोहिमेत मेरिवेदर लुईसने हवेची रायफल नेली होती. सप्टेंबर १८०३ मध्ये ती पाहणाऱ्या थॉमस रॉडनीच्या रोजनिशीतील वर्णन गिरार्डोनीच्या रचनेशी जुळते. रानावनात तीन वर्षे जी बंदूक चालली, ती सैन्यात का चालू नये?

१०/ उत्तर त्याच रोजनिश्यांत आहे. मोहिमेकडे अशी बंदूक एकच होती. मूलनिवासी जमातींपुढे ती उडवून दाखवली जाई. काम धाक बसवण्याचे होते, लढण्याचे नव्हे. ती सावकाश, मुक्कामावर भरता येई. तिची मुख्य स्प्रिंग नवी बसवावी लागली तेव्हा (१० जून १८०५) ते काम जॉन शील्ड्स या कसबी लोहाराने केले. एक बंदूक आणि हाताशी लोहार ही मोहीम असते. हजार बंदुका हे सैन्य असते.

११/ आता प्रतिस्पर्ध्याकडे पाहू. बंदुकीच्या दारूत सुमारे तीनचतुर्थांश सोरा असतो. उरलेला कोळसा व गंधक. सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे नायट्रोजनचे संयुग. दारू पेटते तेव्हा गोळीला ढकलणाऱ्या वायूंत नायट्रोजनचा मोठा वाटा असतो. हवेच्या बंदुकीतही हवेचा ७८ टक्के भाग नायट्रोजनच. दोन्ही बंदुकांत गोळीमागे नायट्रोजन उभा असतो.

१२/ फरक भरणीचा. सोऱ्यातील शक्ती मातीत जिवाणूंनी आधीच साठवलेली असते. ती गोळा करणारी यंत्रणा अठराव्या शतकात जगभर पसरली होती. तिचे एक मोठे केंद्र बिहार होते. प्लासीनंतर, १७५८ मध्ये, इंग्रज कंपनीने तेथील सोऱ्याचा मक्ता मिळवला. माती खरवडून, धुऊन, उकळून सोरा काढणाऱ्या नोनिया समाजाचे श्रम त्यामागे होते.

१३/ फ्रान्सला हा सोरा मिळेना, तेव्हा १७९३-९४ मध्ये क्रांतिकारी सरकारने घरांची तळघरे आणि गोठे खरवडून सोरा जमवण्याची देशव्यापी मोहीम काढली. म्हणजे दारूची बंदूक फुकट चालत नव्हती. तिच्यामागेही घाम होता. पण तो रणांगणापासून दूर, महिनोन्‌महिने आधी गाळला जाई आणि पिंपात बंद होऊन शिपायापर्यंत पोहोचे. दारूचे पिंप हीच त्या काळची भरलेली बाटली होती.

१४/ गिरार्डोनीकडे अशी बाटली नव्हती. नायट्रोजन हा वेगळा वायू आहे, हे डॅनियल रदरफोर्डने दाखवले १७७२ मध्ये, बंदूक स्वीकारली जाण्याच्या अवघ्या आठ वर्षे आधी. तो वेगळा करून, कोरडा करून, पोलादात कोंडून, गाडीवर लादून पाठवणे ही कल्पना करण्याइतकी सामग्रीच त्या पिढीकडे नव्हती. त्यांनी खजिना द्यायचा ठरवले असते तरी विकत घेण्यासारखे बाजारात काही नव्हते.

१५/ ती सामग्री कशी जमली, ते क्रमाने पाहावे. दाबातील वायू फैलावताना थंड होतो, हा जूल व थॉमसन यांचा निष्कर्ष १८५२ चा. मानेसमान बंधूंचे सांधा नसलेल्या पोलादी नळीचे पेटंट १८८५ चे. कार्ल फॉन लिंडे याची हवा द्रवरूप करण्याची पद्धत १८९५ ची. त्याच हवेतून १९०२ मध्ये ऑक्सिजन आणि १९१० पर्यंत शुद्ध नायट्रोजनही वेगळा निघू लागला.

१६/ या मालिकेत एकही टप्पा बंदुकीसाठी आलेला नाही. बर्फ, बिअर, पोलाद, धातूंची जोडणी या गरजांनी ती घडवली. मागणी प्रामुख्याने ऑक्सिजनची होती. नायट्रोजन सुरुवातीला बहुतांशी मागे उरणारा वायू होता. शस्त्राचे भवितव्य पुष्कळदा शस्त्राशी संबंध नसलेल्या कारखान्यात ठरते, हे "युद्धामुळेच विज्ञान पुढे जाते" असे ठासून सांगणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

१७/ आज उच्च दाबाची एअर रायफल साधारण २०० बारपर्यंत भरली जाते. म्हणजे गिरार्डोनीच्या जवळजवळ चौपट. नायट्रोजनच्या सिलिंडरवरून ती काही मिनिटांत, सावकाश झडप उघडून भरता येते. वेगात हवा व नायट्रोजन यांत म्हणण्याजोगा फरक पडत नाही. लाभ वेगळा आहे: सिलिंडरमधला वायू कोरडा असतो आणि धातूला, तेलाला प्रतिसाद देत नाही. टाकी आतून गंजत नाही.

१८/ "मग ऑक्सिजनचा सिलिंडर का नको?" कारण उच्च दाबाचा शुद्ध ऑक्सिजन वंगणाच्या लहानशा थेंबालाही पेटवू शकतो, बंदुकीचाच स्फोट होतो. नायट्रोजनही निर्धोक म्हणून हाताळायचा नाही. त्याला वास नाही, रंग नाही. बंद खोलीत गळला तर माणूस नकळत गुदमरतो. दाबाखालचा वायू १७८० मध्ये जितका जोखमीचा होता तितकाच आजही आहे. बदलले आहे ते त्याला धरून ठेवणारे पोलाद.

१९/ सिलिंडरने श्रम नाहीसे केले, असेही मानू नये. प्रत्येक भरणीला सिलिंडरचा दाब थोडा उतरतो. काही भरण्यांनंतर त्यात वायू असूनही बंदूक पूर्ण भरत नाही आणि तो कारखान्यात परत जातो. तेथे विजेवरचा कॉम्प्रेसर ते १५०० दट्टे मारतो. श्रम शिपायाच्या खांद्यावरून निघून यंत्रावर, इंधनावर आणि कामगाराच्या पाळीवर गेले. दारूच्या पिंपाने दोनशे वर्षांपूर्वी नेमके हेच केले होते.

२०/ बाटली आली, मग हवेची बंदूक रणांगणावर का परतली नाही? कारण तोवर पॉल व्हिएल याने १८८४ मध्ये धूर न करणारी दारू तयार केली आणि १८८६ च्या फ्रेंच लेबेल रायफलीत ती आली. कमी धूर, झटपट बार, अनेक गोळ्या: गिरार्डोनीची वैशिष्ट्ये आता पितळी काडतुसात मावू लागली. आणि या नव्या दारूचा आधार असलेले नायट्रोसेल्युलोज हेही नायट्रोजनचेच संयुग.

२१/ पुढे १९१३ मध्ये जर्मनीतील ओपाऊ येथे हेबर-बॉश पद्धतीने हवेतील नायट्रोजनपासून अमोनिया बनू लागला. पहिल्या महायुद्धात नाकेबंदीमुळे चिलीचा सोरा बंद झाला, तेव्हा याच मार्गाने जर्मन स्फोटकांना नायट्रोजन मिळाला. हवा अखेर युद्धावर गेलीच. पण शिपायाच्या पंपातून नव्हे, कारखान्याच्या भट्टीतून.

२२/ हवेच्या बंदुकीला जागा मिळाली ती क्रीडांगणावर. १९८४ पासून १० मीटर एअर रायफल ऑलिंपिकमध्ये आहे. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरो येथे याच प्रकारात विश्वविजेता झाला. या खेळात सिलिंडरवरील वैधतेची तारीख उलटू न देण्याची जबाबदारी खेळाडूवर असते. गिरार्डोनीच्या शिपायाला भेडसावणारा प्रश्न, ही टाकी दाब सोसेल का, आज एका तारखेत बसवलेला आहे.

२३/ मग "मूर्ख सेनापती, भ्यालेला सम्राट" ही गोष्ट एवढी का आवडते? कारण तिच्यात एक प्रतिभावंत, एक खलनायक आणि आपण शहाणे, एवढेच लागते. पंपावरचा शिपाई, टाकी झाळणारा कारागीर, माती धुणारा नोनिया, कॉम्प्रेसरच्या पाळीवरचा कामगार यांची तिला गरज नसते. ज्या इतिहासातून श्रम वजा होतात, त्यात उरतात त्या केवळ व्यक्तींच्या लहरी.

२४/ ही सवय एका बंदुकीपुरती राहत नाही. कोणते राज्य का हरले, कोणती तोफ का फुटली, कोणता किल्ला का पडला, या प्रत्येक प्रश्नाला मग फितूर आणि नादान एवढीच उत्तरे मिळतात. दारू किती होती, बैल किती होते, लोहाराचे पगार थकले होते का, हे कोणी विचारत नाही. फितुरी खरी असते तेथे ती सिद्ध करावी. पण हिशेबाच्या वह्या उघडण्याआधी नव्हे.

२५/ गिरार्डोनीची बंदूक कोणी मारली नाही. ती शंभर वर्षे आधी जन्मली, आणि तिला पोसणारा कारखाना तिच्यानंतर जन्मला. "१७८० ची वीस गोळ्यांची बंदूक" हे चित्र पुन्हा समोर येईल तेव्हा खाली एकच प्रश्न लिहावा: ती भरत कोण होते? उत्तर देणाऱ्याला इतिहास सांगावाच लागेल. (थ्रेड समाप्त)