कर्जाचा अहवाल फुकट मिळतो, तो मागाच

मृग जवळ आला की अमरावती-अकोल्यातल्या बँकांपुढे पीककर्जासाठी गर्दी होते आणि 'सिबिल'ची, म्हणजे कर्जफेडीच्या गुणांकाची, धास्ती सुरू होते. मे २०२५मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी पीककर्जाला सिबिलची अट घालू नका, असं बँकांना बजावलं. ट्रॅक्टर, घर, दुकान यांच्या कर्जाला मात्र ते पाहिलं जातंच.

म्हणून आपला कर्जाचा अहवाल बँकेआधी आपण वाचायला हवा.

सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा गुणांकासह पूर्ण अहवाल मोफत द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा २०१६चा आदेश आहे. कंपन्यांच्या संकेतस्थळांवरूनच तो मिळतो. त्यासाठी एजंटाला पैसे मोजू नयेत, विकतच्या योजनाही घेऊ नयेत.

फेडलेलं कर्ज थकीत दिसतंय का, न घेतलेलं कर्ज नावावर चढलंय का, हे खातेनिहाय तपासावं. चूक दिसली तर लगेच तक्रार करावी. ३० दिवसांत ती निकाली निघाली नाही, तर दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद आहे.

स्मार्टफोन नसलेल्या शेतकऱ्याचं काय? वऱ्हाडातल्या बँकांनी खरिपाच्या कर्जमेळाव्यातच त्याला हा अहवाल काढून, वाचून दाखवावा.