तबकड्यांचेही दप्तर हवे

पोथी रुमालात बांधून ठेवणारे आपण, पण ‘आयएसएम’ वा ‘श्रीलिपी’ची इन्स्टॉलेशनची तबकडी टेबलाच्या खणात उघडी टाकतो. युनिकोडपूर्व फॉन्टांतला मराठी मजकूर, तो फॉन्ट नसला की, निव्वळ इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. आमच्या बोळिंजच्या खाऱ्या, दमट हवेत तर अधिकच जपायला हवे.

माझे स्पष्ट मत असे, की ग्रंथालयाने प्रत्येक तबकडीची प्रत करून ती दुसरीकडे ठेवावी, अनुक्रमांकाची चिठ्ठी सोबत जोडावी. लेबलावर बॉलपेन चालवू नये. माहितीचा थर त्याच बाजूला, लगेच खाली असतो. ‘ही चोरी नव्हे काय?’ मुळीच नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ रीतसर धारकाला नुकसानीपासून बचावापुरती प्रत करू देते.

मित्रहो, अंक छापणे निम्मेच काम; तो उद्या उघडताही आला पाहिजे.