लौकिक कोणाचा, अनुभव कोणाचा?

मुंबई विद्यापीठाच्या थोरवीचा विषय निघाला की भाषणे ठरलेल्या वाटेने जातात : १८५७ ची स्थापना, राजाबाई टॉवर, १८६२ साली बी.ए. झालेले न्यायमूर्ती रानडे, आणि अलीकडची, २०२१ मध्ये 'नॅक'ने ३.६५ गुणांसह दिलेली 'ए प्लस प्लस' श्रेणी. यातले काहीही खोटे नाही. आमचा आक्षेप एवढाच की, ज्या विद्यार्थ्यांच्या नावाने हा लौकिक मिरवला जातो, त्यांतील बहुतेकांच्या वाट्याला तो येतच नाही.

याचे मूळ विद्यापीठाच्या जन्मातच आहे. लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर ते स्थापन झाले ते शिकवण्यासाठी नव्हे. परीक्षा घेऊन पदव्या देण्यासाठी. रानडे शिकले एल्फिन्स्टन कॉलेजात. विद्यापीठाने त्यांची परीक्षा घेतली. पुढे विद्यापीठाचे स्वतःचे विभाग उभे राहिले, परंतु पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत पदवीचे बहुसंख्य विद्यार्थी आजही संलग्न महाविद्यालयांतच शिकतात. 'नॅक' त्या महाविद्यालयांचे मूल्यमापन स्वतंत्रपणे करते. म्हणजे कालिन्याची श्रेणी कणकवलीच्या वर्गाविषयी काहीही सांगत नाही. त्या वर्गात मराठी शिकवायला एखादाच कायम अध्यापक असतो आणि उरलेला भार तासिका तत्त्वावरच्यांनी ओढायचा असतो, ही परिस्थिती आमच्या पेशातल्या कोणाला ठाऊक नाही?

या विद्यार्थ्याला विद्यापीठ भेटते ते अभ्यासक्रम, प्रश्नपत्रिका आणि निकाल या तीनच रूपांत. तेव्हा परीक्षा हीच लौकिकाची खरी कसोटी मानली पाहिजे. निकाल तीस दिवसांत, आणि कोणत्याही परिस्थितीत पंचेचाळीस दिवसांत लावावा, असे २०१६ चा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा सांगतो. २०१७ मध्ये पुरेशी तयारी न करता संगणकावरील उत्तरपत्रिका-तपासणी लादली गेली, निकाल महिनोन्महिने रखडले, पुढील प्रवेश अडले. ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. चारच वर्षांनी सर्वोच्च श्रेणी मिळाली. सुधारणा झाली असेल तर आनंदच आहे. परंतु ज्यांचे वर्ष गेले त्यांच्या खात्यावर ती श्रेणी जमा होत नाही.

'नावाचा नोकरीत उपयोग होतोच ना?' असे आम्हांला विचारले जाईल. होतो. 'एनआयआरएफ'च्या क्रमवारीतही दहा टक्के भार जनमानसातील प्रतिमेला आहे. पण ती प्रतिमा विचारली जाते नोकरी देणाऱ्यांना आणि अध्यापकांना, शिकणाऱ्याला नाही. नाव दारापर्यंत पोहोचवते. मुलाखतीत एखाद्या कवितेविषयी चार वाक्ये स्वतःची बोलायची वेळ आली, की राजाबाई टॉवर मदतीला येत नाही. तिथे वर्गात मिळालेलेच उपयोगी पडते.

म्हणून आमची मागणी साधी आहे. श्रेणीचे फलक लावताना त्याशेजारी आणखी तीन आकडे लावावेत : प्रत्येक परीक्षेचा निकाल किती दिवसांत लागला, पुनर्मूल्यांकनात किती जणांचे गुण बदलले, आणि संलग्न महाविद्यालयांत अध्यापकांची किती पदे रिक्त आहेत. हे आकडे लपवून मिळवलेला लौकिक पूर्वजांचा आहे. आजच्या विद्यापीठाने तो अजून कमावलेला नाही.